सरासरी बेचाळीस हजार

"सरासरी बेचाळीस हजार, अप्पा," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी आकडा परत घ्यावासा वाटला. लातूरचा धान्याचा आडत बाजार. समोर पत्र्याच्या शेडात हरभऱ्याची थप्पी, थप्पीला टेकून मडिवाळप्पा, बाजूला वजनकाट्यावर बसलेली त्यांची पुनम. मडिवाळप्पांनी विचारलं होतं ते अगदी साधं होतं. "सर, ह्ये शिकल्यावर म्हैन्याला भेटतंय किती?" एवढंच. कुठलाही बाप विचारतो. त्यावर मी 'बघा, तसं सांगता येत नाही' म्हणू शकलो असतो, हसू शकलो असतो, चहा सांगू शकलो असतो. त्याऐवजी माझ्या तोंडातून आकडा पडला, तोही असा ठणठणीत, की शेजारी पोतं शिवणाऱ्या बाईनंही मान वर केली. मडिवाळप्पा तो आकडा मनातल्या मनात म्हणून बघत होते, त्यांचे ओठ हलत होते. पुनम मात्र 'सरासरी' या शब्दाला माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. त्या हसण्यानं मी जास्त ओशाळलो. "मंग सांजच्याला बोलतो मालकांला, माणिकप्पांला," मडिवाळप्पा म्हणाले, आणि मला बस गाठायची होती म्हणून मी निघालो. खरं तर बसला अजून पाऊण तास होता.

मी रेणुकादास. नांदेडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. शिकवतो म्हणजे तासावर. जितके तास तितके पैसे, वर्षातले नऊ महिने, आणि ते पैसे दिवाळी उलटून गेल्यावर एकरकमी हातात पडतात, तेव्हा घरात दोन दिवस श्रीमंती असते. जूनमध्ये आम्ही शिकवत नाही, पोरं गोळा करतो. आमच्याकडची ही रीतच झाली आहे. प्राचार्य नकाशा पुढ्यात घेऊन वाटणी करतात, कुणाला लोहा, कुणाला मुखेड, कुणाला देगलूर, आणि मी मूळचा निलंग्याचा म्हणून मला लातूर. लातूर म्हणजे डॉक्टर होण्याचं गाव. दोन-दोन वर्षं क्लास लावून जी पोरं डॉक्टर होत नाहीत ती आमची. प्राचार्य मोठ्या प्रेमानं त्यांना 'राहिलेला माल' म्हणतात. यंदा आमच्या विषयाला चौदा जण झाले होते. पंधरा झाले नाहीत तर वर्ग चालत नाही, विषय बंद, आणि विषय बंद म्हणजे माझेही तास बंद. शेवटची तारीख उद्याची. पंधरावी पुनम. आणि पुनम नुसती पंधरावी असती तर मला एवढं लागलं नसतं. सकाळी तिनं मला एक वही दाखवली होती. दोन वर्षांत क्लासनं घेतलेल्या एकशे अठरा परीक्षांचे तिचे गुण, तारखेनिशी, आणि खाली पेन्सिलीनं ओढलेली रेघ. "मॅडम म्हणायच्या बायो कर, बायो कर. मी ह्येच मांडत बसायची," ती म्हणाली. "सर, सोमवारचे पेपर मला कायम वाईट जातात. दोन वर्षं झाली. पण का ते कळंना." शिकवायला लागल्यापासून आठ वर्षांत असा प्रश्न घेऊन कुणी आलं नव्हतं. मी तिथंच तिच्या प्रेमात पडलो, म्हणजे शिक्षक पडतो तसा.

खिडकीशी जागा मिळाली. लातूर मागं पडेपर्यंत मी स्वतःला समजावत राहिलो की आकडा खोटा नाही. आणि तो नव्हताच, हीच तर पंचाईत. मागच्या महिन्यात प्राचार्यांनी माहितीपत्रकासाठी 'आपल्या विषयाचं भवितव्य' लिहून मागितलं, तेव्हा मी माझ्या एम.एस्सी.च्या वर्गमित्रांना एकेकाला फोन लावले होते. पुण्याला आम्ही बाराजण होतो. मला सोडून अकरा. कुणी बँकेत कंत्राटावर, कुणी विम्याच्या कंपनीत, एक जण साखर कारखान्यात ऊस मोजतो, एकीला पगारच नाही, ती उदगीरला सासरी आहे आणि फोनवर मला म्हणाली, "माझ्यापुढं शून्य लिही, पण नीट गोल काढ." सगळ्यात मोठा आकडा छत्तीस हजार, शून्य सोडून सगळ्यात लहान बारा. आणि मग मिहिर. मिहिर अमेरिकेत कुठल्याशा औषध कंपनीत आहे. त्यानं अगदी संकोचत आकडा सांगितला, मी त्याचे रुपये केले, घरभाडं, कर वगैरे वजा केलं, तरी दोन लाख साठ हजार. बेरीज चार लाख बासष्ट हजार, भागिले अकरा, बेचाळीस. एकही चूक नाही. फक्त दुसऱ्या आठवड्यात, पोरांना अजून माझं नावही नीट ठाऊक नसतं तेव्हा, मी फळ्यावर लिहून देतो की एक हत्ती आणि दहा शेळ्या यांच्या वजनाची सरासरी काढू नये, कारण त्या वजनाचं कुठलंच जनावर गोठ्यात सापडत नाही. आणि मी हत्ती धरला होता. त्याहून वाईट म्हणजे एक शेळी सोडली होती. फोन मी लावत होतो, तेव्हा मला फोन कोण लावणार? बारावा मी. वर्षाला एक लाख ब्याण्णव हजार, महिन्याला सोळा. मिहिरला काढलं आणि मला घातलं तर अकराच माणसं राहतात आणि उत्तर येतं एकोणीस हजार आठशे. हे मी बसमध्ये तिकिटाच्या मागं मांडून पाहिलं. मांडायची गरज नव्हती, मला ते महिनाभर पाठ होतं.

सोळातले पाच हजार शंभर बँकेचे. पुण्याचं शिक्षण कर्जावर झालं. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, निलंग्याच्या शाळेतली नोकरी तेव्हा शेवटच्या वर्षात होती आणि त्यांनी सही करताना विचारलं होतं, "संख्याशास्त्र म्हणजे गणितच ना रे?" मी म्हणालो, "नाही, दादा. गणितात उत्तर एकच येतं." ते बिचारे घाबरले, पण सही केली. सात वर्षं झाली, अजून एक लाख बारा हजार शिल्लक आहेत. हप्त्याची तारीख पाच. पाच तारखेला मला पहाटेच जाग येते, कुणी उठवायला लागत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या कर्जाची मला आता सवय झाली आहे, घरातल्या एखाद्या कुरकुऱ्या म्हाताऱ्याची होते तशी. मिळालं किती, गेलं किती, हे कधीतरी एकदा नीट मांडावं असं फार वेळा मनात आलं. पण तुलना कशाशी करायची? औषधाचा गुण आला की नाही हे पाहायला औषध न घेतलेला रोगी लागतो. मला हवा होता संख्याशास्त्र न शिकलेला रेणुकादास. तो मला बसमध्ये पुष्कळदा भेटतो. काकांचं निलंग्याचं दप्तरांचं आणि वह्यांचं दुकान त्यानं विसाव्या वर्षी घेतलं, आता वरच्या मजल्यावर छत्र्याही ठेवतो, पोट सुटलंय, कर्ज नाही, गाडी आहे. मला बघून तो सरकून जागा देतो. चांगला आहे स्वभावानं. मी त्याला विचारतो, कसं काय? तो म्हणतो, बरं चाललंय. मग दोघंही बाहेर बघत बसतो. पण त्याच्या घरात श्रद्धा नाही. श्रद्धा मला भेटली ती वनस्पतिशास्त्राच्या प्रबंधासाठी उगवून आलेल्या आणि न आलेल्या सोयाबीनच्या दाण्यांचा तक्ता घेऊन, "याचं काहीतरी करून द्या" म्हणत. मी रात्रंदिवस बसून करून दिलं आणि सांगितलं की तिच्या खतानं काहीही फरक पडलेला नाही. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी येऊन म्हणाली, "बाकी सगळ्यांनी मला फरक पडलाय म्हणून सांगितलं होतं." आमचं लग्न त्या वाक्यावर झालंय. आमची सृष्टी सहा वर्षांची आहे. आता हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मिळकतीच्या की आणखी कुठल्या, ते मला पदवीनं शिकवलं नाही.

आणि मडिवाळप्पा आज संध्याकाळी अडीच लाख उचल घेणार. तेवढेच लागणार होते. आमचा अभ्यासक्रम विनाअनुदानित, नावात 'डेटा' शब्द जोडल्यामुळे महाग, वर वसतिगृह, वर मेस. मडिवाळप्पा माणिकप्पांच्या आडतीत हमाल म्हणून लागले आणि आता माल तपासायचं काम करतात. उचल म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. ती फिटेपर्यंत माणूस दुसऱ्या आडतीत जाऊ शकत नाही, दर आठवड्याला हजेरीतून कापून जाते, आणि त्यांचं वय छपन्न. बँकेचं नाव काढलं तर ते म्हणाले होते, "बँकवाले लई कागद मागत्यात, माणिकप्पा तोंड बगून देत्यात." सहा वर्षं तरी जातील, हे गणित मी सकाळीच केलं होतं आणि केलं नाही असं दाखवलं होतं. शिवाय आणखी एक. त्यांच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर लातूरचंच एक जुनं अनुदानित कॉलेज आहे. तिथं साध्या बी.एस्सी.ला संख्याशास्त्र आहे, फी नावापुरती, शिकवणारे सर माझ्यापेक्षा चांगले. तिथं विषय आहे हे लातुरात कुणालाच ठाऊक नसतं, कारण त्यांना पोरं गोळा करत फिरावं लागत नाही. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

चाकूरला बस दहा मिनिटं थांबते. मी खाली उतरून श्रद्धाला फोन लावला. ती एका इंग्रजी शाळेत शिकवते. जूनमध्ये तिथंही पट भरायची धावपळ असते, म्हणून तिला माझा आवाज ऐकूनच कळलं.

"आली का पंधरावी?"

"येईलसं दिसतंय. तिच्या वडिलांनी विचारलं, किती मिळतात. मी बेचाळीस हजार म्हणालो."

ती आधी हसली. श्रद्धा हसते तेव्हा फोन कानापासून जरा लांब धरावा लागतो. मग म्हणाली, "अहो, मग आपले सव्वीस हजार कुठं ठेवता हो तुम्ही दर महिन्याला?"

फलाटावर एक बाई पेरू विकत होती, ती पेरूला तिखटमीठ लावताना एकाच हालचालीत कापत होती, ते मी बघत राहिलो. मग मी तिला उचलीचं सांगितलं, अनुदानित कॉलेजचंही सांगितलं. पलीकडे हसणं थांबलं होतं.

"नाही आली तर विषय बंद?" तिनं विचारलं.

"हो."

"सृष्टीची फी पंधरा तारखेला आहे."

"माहीत आहे."

"मी काही तुम्हाला परत जा म्हणणार नाही," ती म्हणाली. "तेवढी मी चांगली नाही. पण तुम्ही घरी येऊन आठ-आठ दिवस न बोलता भिंतीकडं बघणार असाल तर तेही मला परवडायचं नाही. काय ते ठरवा, आणि त्या पोरीचं नाव काय?"

"पुनम."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नांदेडच्या बसनं दोनदा भोंगा वाजवला. माझी पिशवी अजून जागेवर होती. मी चढलो, पिशवी घेतली आणि उतरलो. कंडक्टर म्हणाला, "काय झालं? काही राहिलं का?" मी हो म्हणालो. लातूरकडं जाणारी गाडी यायला चाळीस मिनिटं लागली, आणि त्या चाळीस मिनिटांत मी इतका घाबरलो होतो की नांदेडकडं जाणारी एखादी जीप दिसली असती तर तिच्यात बसूनही गेलो असतो. मला माझे तास हवे होते. पैशांसाठी हवे होते हे खरंच, पण सकाळी साडेसातला, पहिल्या तासाला, हात खडूनं पांढरे होतात आणि मागच्या बाकावरचं एखादं पोरगं अचानक मान वर करतं, त्यासाठीही हवे होते. आणि हे सोडायचं होतं. मी तेहतीस वर्षांचा माणूस चाकूरच्या स्टँडवर पाण्याच्या टाकीआड तोंड धूत होतो.

आडत बाजारात पोचलो तेव्हा सौदे उरकले होते, झाडणाऱ्या बाया सांडलेले दाणे गोळा करत होत्या. मडिवाळप्पा नळावर पाय धूत होते. मालकाच्या गादीवर चढायच्या आधी ते पाय धुतात. आत पांढऱ्या गादीवर माणिकप्पा बसलेले दिसत होते, चष्मा कपाळावर. पुनम दाराशी उभी होती, तिनं स्वच्छ ड्रेस घातला होता.

"अप्पा, थांबा जरा," मी म्हणालो.

"अय्यो, सर? बस हुकली का?"

"नाही. मी सकाळी तुम्हाला बरोबर सांगितलं नाही."

ते एक पाय नळाखाली धरून तसेच उभे राहिले. मी सगळं सांगितलं. मिहिरचं सांगितलं, उदगीरच्या शून्याचं सांगितलं, माझे सोळा हजार सांगितले, बँकेचे पाच हजार शंभर सांगितले, ते कशासाठी घेतले आणि अजून किती राहिलेत तेही. बोलताना मला कळत होतं की मी फार भराभर बोलतोय. मडिवाळप्पांनी नळ बंद केला.

"म्हंजी सकाळी लबाड बोललाव तुमी."

"आकडा लबाड नव्हता, अप्पा. सांगणारा होता."

"येकच की ते," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, ते नुसते थकल्यासारखे वाटले. त्यांनी माझ्या चपलांकडं पाहिलं, मग शर्टाकडं. सोळा हजार कसे दिसतात ते बघत असावेत. "आन् नोकरीत इतकी सालं झाली तरी सोळाच?"

"सोळाच."

पुनमनं माझ्या हातातलं तिकीट घेतलं होतं. मागची मांडणी ती बोट फिरवत वाचत होती. "सर," ती म्हणाली, "ह्ये शून्य आहे ना, उदगीरच्या मॅडमचं. त्यांना नोकरी मिळाली नाही, का त्यांनी केली नाही? ते दोन्ही एकच शून्य धरायचं का?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो. दहा वर्षांपूर्वीच्या माझ्या वर्गात हा प्रश्न कुणाला सुचला नसता, मिहिरला सुद्धा नाही, आणि मला तर महिनाभर तो आकडा पाठ असून सुचला नव्हता. "मी विचारलं नाही तिला," मी म्हणालो. "विचारायला पाहिजे होतं."

मडिवाळप्पा आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. मग ते पायरीवर बसले, ओले पाय तसेच उन्हात ठेवून. "सर, येक खरं सांगा. आता खरं बोलायलाच आलाव तर सांगा. तुमची पोरगी आसती तर?"

"मला पोरगी आहे, अप्पा. सहा वर्षांची."

"मंग तिला घातलं आसतं का ह्यात?"

"घातलं असतं."

"सोळा हजारासाठी?"

बाकीच्या कुठल्याही बापाला मी इथं काहीतरी शहाणपणाचं सांगितलं असतं. पण ते इतक्या साधेपणानं विचारत होते की मला जे होतं तेच आलं. "नाही," मी म्हणालो. "मला हे फार आवडतं, अप्पा. माझं लग्न यानं झालं, माझी सकाळ यानं होते. पैसे कमी पडतात तेव्हा मी कुढतो, श्रद्धाला, माझ्या बायकोला, विचारा. पण मला परत वीस वर्षांचं केलं तर मी परत हेच घेईन. फक्त कर्ज काढून घेणार नाही. कर्ज असलं की आवडती गोष्ट सुद्धा दर महिन्याला आपल्याकडं संशयानं बघते." आणि मग, थांबलो तर पुढं बोलता येणार नाही हे कळून, मी लातूरच्या त्या कॉलेजचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, फी सांगितली, तिथल्या सरांचं नाव सांगितलं, आणि अर्ज आजही भरता येतो हेही सांगितलं.

"हितंच?" मडिवाळप्पा म्हणाले. "आपल्या गावात?"

"पायी वीस मिनिटं."

त्यांनी आत गादीकडं पाहिलं. माणिकप्पांनी हात वर करून 'येता का' अशी खूण केली. मडिवाळप्पांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि पायात चपला घातल्या.

अर्ज आम्ही स्टँडामागच्या झेरॉक्सच्या दुकानात भरला. पुनम खुर्चीवर, मी मागं उभा, मडिवाळप्पा दाराशी. विषयाच्या रकान्यात संख्याशास्त्र निवडताना तिनं एकदा वळून माझ्याकडं पाहिलं आणि मी मान डोलावली. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. मी बाहेर येऊन घेतला.

"झाले का पंधरा?" ते म्हणाले.

"चौदाच, सर."

"लातूरची येणार होती ना?"

"ती लातूरलाच घेतेय. आपलाच विषय."

प्राचार्य वाईट माणूस नाही. त्यांनी आधी कुणालातरी दार लावायला सांगितलं. मग म्हणाले, "रेणुकादास, तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ काय होतो?" मी म्हणालो, कळतंय. "बरं, उद्या या. तासांचं बघू काय करता येतं, पण माझ्या हातात फारसं नाही," ते म्हणाले. मी फोन खिशात ठेवला आणि मागं वळलो तर मडिवाळप्पा माझ्या पाठीशीच उभे होते. त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक.

"पंधरावी हीच व्हती व्हय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. मला वाटलं ते आता काहीतरी बोलतील, नको तसं, आभाराचं वगैरे, आणि मला ते झेपणार नाही. पण त्यांनी पुढं होऊन माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकांनी ती गच्च भरलेली होती, सकाळपासून दोन-चारच कमी झाली असतील. मी म्हणालो, "अहो अप्पा, असू द्या, जड आहे." त्यांनी ती आपल्या डाव्या खांद्यावर टाकली, मान एका बाजूला केली आणि स्टँडकडं चालायला लागले. आयुष्यभर उचलायचेच पैसे घेतलेला माणूस. नांदेडची गाडी लागायला अर्धा तास होता. शेजारी बाकडं रिकामं होतं. मी दोनदा सांगून पाहिलं, पुनमनंही सांगितलं, पण बस येईपर्यंत त्यांनी ती पिशवी खाली ठेवली नाही.